अमीनाबीची कलमं आणि मुळातली बुरशी

पंचवीसेक वर्षं मी रत्नागिरीत शेतकी खात्याच्या एका खोलीत बसून झाडांची मुळं कापली. कुऱ्हाडीने नव्हे, वस्तऱ्याने. शिवायच्या दोऱ्याएवढं बारीक मूळ घ्यायचं आणि त्याचे आडवे काप काढायचे, असे की बशीतल्या पाण्यात टाकल्यावर काप आहे की नाही ते वाकून बघावं लागावं. हे काम कोणाला सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग विचारायचा, "बरं, पण नोकरी कसली?" आमची मंडळी तर म्हणायची, "लोकं एकमेकांच्या मुळावर उठतात, ह्यांना सरकारने मुळावर बसवलंय."

संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी त्यांना कळवलं की माझ्या नोकरीत बढती नाही, बदली नाही, पदक नाही. होती ती एक दुर्बीण, एक वस्तरा आणि एक चूक. त्यांनी उलट टपाली लिहिलं, चूक पाठवा. म्हणून पाठवतोय.

वस्तरा आमच्या घरचा. आम्ही न्हावी. माने साहेब म्हणून घाटावरचे एक अधिकारी झाडांच्या रोगांचं काम बघायला रत्नागिरीस आले, ते माझ्या वडिलांकडून दाढी करून घ्यायचे. एकदा वस्तरा मी परजून दिला होता. साहेबांनी गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "धार कुणी लावली?" वडिलांना वाटलं, कापलं बिपलं. म्हणाले, "मुलाने, साहेब. चुकलं असेल तर पदरात घ्या." साहेब म्हणाले, "उद्या त्याला कचेरीत पाठवा." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे केळीचा देठ ठेवला. "काप काढ. त्यातून खालचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे." मी काढला. साहेबांनी तो वर्तमानपत्रावर ठेवून बातमी मोठ्याने वाचली, आणि मी सरकारी नोकर झालो. वडील शेवटपर्यंत सांगत, "आमचा सखाराम सरकारची हजामत करतो."

आता काम कसं करायचं ते सांगतो. मूळ उपटायचं नसतं. उपटलं की टोकं मातीतच राहतात, आणि आपल्याला हवी असतात टोकंच. मातीचा गड्डा उचलायचा, परातीत भिजवायचा आणि पाण्यात हलक्या हाताने माती सुटू द्यायची. बोटात न धरता येणारं हे नाजूक मूळ मग भेंडाच्या तुकड्याला चीर देऊन तिच्यात बसवायचं. भेंड म्हणजे ज्याची बाशिंगं करतात ते. मी बाशिंगवाल्याकडूनच आणत असे, आणि लग्नसराईत तो माझ्यावर वसावसा ओरडत असे. वस्तरा ओला करायचा आणि आपल्याकडे एका ओढीत आणायचा. करवतीसारखा मागेपुढे केलात तर मेलात. वीस कापांत एखादा धड निघतो. त्याला निळा रंग द्यायचा, जादा रंग धुवायचा, काचेवर ठेवायचा आणि दुर्बिणीचा आरसा उजेडाकडे फिरवायचा. सूक्ष्मदर्शक म्हणायला हवं, ठाऊक आहे मला. पण रत्नागिरीत सगळे दुर्बीणच म्हणायचे आणि मीही म्हणतो.

दुर्बिणीचं नाव गावात झालं, तशी गिऱ्हाइकंही एकेक येऊ लागली. राजापूरचे एक वैद्य तुपाची बरणी घेऊन आले, त्यात भेसळ दिसते का बघा म्हणाले. एक खोत फणसाचं मनगटाएवढं मूळ घेऊन आले. झाड उभं वाळलं होतं. ते खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "करणी दिसते का बघा हो. आणि करणाऱ्याचं नाव दिसलं तर फारच उत्तम." मी त्यांना मुळातली एक वाळवी दाखवली. त्यांनी तिचा जबडा बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "आमच्या चुलतभावाचं तोंड अस्सं आहे." समाधानाने गेले.

सांगायचा मुद्दा हा, की आमच्याकडे जे काही यायचं ते आजारी झाडाचं यायचं. बरं असलेल्या झाडाचं मूळ खणून सरकारी कचेरीत कोण आणील? मी शेकडो मुळं कापली आणि त्यातलं एकही निरोगी नव्हतं. ह्यात काही वावगं आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी गालावरून हात फिरवून धार सांगणाऱ्या घराण्यातला, माझ्या हाताची मला फार मिजास होती.

शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या एखाद-दोन वर्षं आधीची गोष्ट. वैशाखात अमीनाबी दोन्ही काखोटीला दोन गाडगी घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढून आली. गाडग्यांत आंब्याची भेट कलमं होती. खाडीपलीकडच्या गावची ही बाई, तिशी-पस्तिशीची, काटक. ती बोलायला लागली की आपण नुसतं हां-हूं करायचं.

"ही दोन रुसलीत," ती म्हणाली. "बाकीची अडतीस बरी हायत. पण भाव, ह्यांच्यापासून त्यांना काय झाला तर माजा नवरा परत बोटीवर जाईल."

मग सगळं ऐकलं. नवरा इब्राहिम बोटीवर आगवाला होता. म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा मारायचा. बारा-तेरा वर्षं मारला, आता छाती धरली होती. खोकला सुरू झाला की बसून राहायचा. घरामागे त्यांचा कातळ होता, नुसता काळा सडा, गवताची काडी नाही. तिथे अमीनाबीने छिन्नी लावून चाळीस खड्डे फोडून घेतले होते, लांबून माती आणून ढीग घातला होता आणि माहेरच्या हापूसवरून चाळीस कलमं बांधून आणली होती. मृगात लावायची. नवरा-बायकोचं ठरलं होतं की होळीच्या सुमारास बोट मुंबईला लागली की इब्राहिम घरी येईल, कलमांनी जीव धरला असेल तर जमिनीवर राहील, नसेल धरला तर पुन्हा बोटीवर सही करील. घरात म्हातारी सासू होती. ती उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बोट आली काय म्हणून विचारायची.

माने साहेब तेव्हा दापोलीकडे दौऱ्यावर होते. थांबा म्हणालो असतो तर आठवड्याचा प्रश्न होता. पण थांबा म्हणणं माझ्या जिवावर आलं. मी तिच्यासमोरच मूळ धुतलं, काप काढला, रंगवला आणि दुर्बिणीखाली घातला.

आतलं बघून मी उडालोच. मुळाची साल म्हणजे खोल्याच खोल्या, भिंतीला भिंत लावून. त्या खोल्यांतून निळे धागे फिरत होते, एकीची भिंत भेदून दुसरीत. कुठे धाग्याला अंड्यासारखा फुगा आलेला. आणि आतल्या खोल्यांत शिरल्यावर धाग्याला फांद्या फुटलेल्या, फांद्यांना फांद्या, असं करत खोली भरून एक झाडच उभं. बुरशीचं झाड, झाडाच्या मुळात! इतकं सुंदर मी दुर्बिणीत काही पाहिलं नव्हतं. पण ते सुंदर आहे हे कबूल करायच्या आधी मी निदान करून मोकळा झालो.

"अमीनाबी, बुरशी शिरलेय मुळात. एक खोली सोडली नाही."

"बाकीच्यांत पण असंल?"

अडतीस कलमांतलं एकही मी पाहिलं नव्हतं. "असणारच," मी म्हणालो. "बुरशी मारायला मुळं मोरचुदाच्या पाण्यात बुचकळा. आणि माती शुद्ध करून घ्या."

एवढंच बोललो. माती शुद्ध कशी करायची हे तिने विचारलं नाही, कारण कोकणातल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायच्या आधी आपण जमिनीवर कवळाच्या फांद्या, पातेरा, शेण पसरून राब भाजतो. तण मरतं, किडे मरतात, रोप तरारून येतं. पिढ्यान्‌पिढ्या भाजत आलोय. अमीनाबीने आणलेल्या मातीचा सगळा ढीग थराथराने पातेऱ्यात घालून भाजला. गाडग्यांतली मातीही सोडली नाही, तीही भाजली. चाळीस कलमांची मुळं उघडी करून मोरचुदात बुचकळली आणि मृगात त्या भाजक्या मातीत लावली. सरकारी सल्ला इतक्या नेटाने रत्नागिरी जिल्ह्यात दुसऱ्या कोणी पाळला असेल असं मला वाटत नाही.

दसरा झाल्यावर ती आली. हातात एक उपटलेलं कलम. गप्प अमीनाबी मी पहिल्यांदा पाहिली.

"मेलीत काय?" मी विचारलं.

"मेली नायत. वाढत नायत. आख्ख्या पावसाळ्यात एक पान नवा फुटला नाय. पिवळी पडून उभी हायत." मग म्हणाली, "आणि ती रुसलेली दोन होती ना, त्यांच्या गाडग्याचा भोकच बुजला होता. पाणी कोंडला होता नुसता. माती काढताना दिसला."

माने साहेब खोलीत होते. तिला पडवीत बसवून मी तिच्या कलमाची एक मुळी घेतली, कापली, दुर्बिणीत पाहिली आणि चक्क खूश झालो. "साहेब, बघा! एक धागा शिल्लक नाही. उपाय लागू पडला!"

"कसला उपाय?" साहेबांनी विचारलं. मी ऐटीत सगळं सांगितलं.

साहेब उठले. खुरपं घेऊन आवारात गेले. तिथे एक जुना रायवळ आंबा होता, दरसाल लगडायचा, कचेरीतले शिपाई त्याच्या आंब्यांवरून भांडायचे. त्याच्या बुंध्यापासून दूर बसून साहेबांनी मातीचा गड्डा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "कापा."

कापला. दुर्बिणीला डोळा लावला. तेच धागे. तेच फुगे. खोली खोलीत तीच झाडं.

"हा आंबा कसा आहे?" साहेब म्हणाले.

"चांगला आहे, साहेब."

"आणि मुळात काय आहे?"

मी दुर्बिणीचा आरसा उगाच फिरवला.

"सखाराम, काप तुम्ही सोन्यासारखा काढता. पण निरोगी मूळ आयुष्यात पाहिलंय काय हो कधी?"

मग त्यांनी मला समजावलं. ही बुरशी रोग नव्हे. तिचे धागे मुळातून बाहेर मातीत जातात, लांबवर, कातळाच्या ज्या भेगांत मुळाचं टोक शिरत नाही तिथपर्यंत. तिथलं पाणी आणि क्षार मुळाला आणून देतात. झाड पानात केलेली साखर तिला देतं. त्या खोलीतल्या बारक्या झाडापाशी हा देवघेवीचा कारभार चालतो. दोघांचं साटंलोटं. परदेशातही ह्यावर एकमत नव्हतं, बुरशी चोर आहे की सोबतीण ह्यावर विद्वान भांडत होते. पण साहेबांचं मत झालं होतं, कारण पुरावा पिवळा पडून अमीनाबीच्या हातात होता.

"बाहेर पडवीत बसल्यात त्या," साहेब म्हणाले. "जा, सांगा. मी सांगणार नाही."

कचेरीच्या खोलीतून पडवीत जायला चार पावलं लागतात. ती मी कशी टाकली ते माझं मला ठाऊक. मी सांगितलं. सगळं सांगितलं. 

"म्हणजे चाळीस लेकरांच्या तोंडचा घास मी काढला?"

"तुम्ही नाही. मी."

"मेल्या!" ती ओरडली. आवारातले कावळे उडाले. मग तिने पदराने तोंड पुसलं. "आता काय करायचा ते सांग. रडायचा मागाहून बघू."

करायचं ते साधं होतं, निदान साहेबांच्या तोंडून साधं वाटत होतं. एखाद्या बऱ्या, जुन्या आंब्याखालची माती तिच्यातल्या बारीक मुळ्यांसकट आणायची आणि प्रत्येक कलमाच्या मुळाशी थोडी थोडी घालायची. आपल्याकडे कोणी केलेलं नव्हतं. लागू पडेल का, ते साहेबांनाही सांगता येत नव्हतं. मी हे अडखळत सांगत होतो, तेवढ्यात अमीनाबी म्हणाली, "म्हणजे विरजण."

"काय?"

"दूध नासला नाय माजा. विरजण तेवढा संपलाय."

साहेब दारात उभे होते. त्यांनी खिशातून वही काढली आणि इंग्रजी टिपणांच्या मध्येच मराठीत 'विरजण' लिहून घेतलं.

त्या गावाजवळ जुना आंबा एकच होता, धोंडूआबांच्या घरामागच्या परड्यात. धोंडूआबा म्हणजे वरच्या वाडीतले कुणबी, सत्तरीचे, कमरेत वाकलेले आणि बोलण्यात ताठ. अमीनाबी माती मागायला गेली, तर साफ नाही म्हणाले. फळत्या झाडाखालची माती दिली की झाडाची बरकत मातीबरोबर जाते, आज्याने दिली नाही, बापाने दिली नाही. तिने मला निरोप धाडला.

मला वाटलं, म्हाताऱ्याला दुर्बीण दाखवली की काम झालं. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "सरकारी दुर्बीण कचेरीबाहेर न्यायची परवानगी नाही. मी आज दुपारी झोपणार आहे." मी पेटी उचलली, भाट्याच्या खाडीवरच्या तरीत मांडीवर घेऊन बसलो, आणि नावाडी जरा कुठे हेलपाटला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पलीकडे पोचलो.

आबांच्या अंगणात दुर्बीण मांडली. त्यांच्याच आंब्याचं मूळ त्यांच्यासमोर कापलं, आरसा उन्हाकडे केला. आबांनी एक डोळा हाताने झाकून दुसरा लावला आणि कितीतरी वेळ हललेच नाहीत.

"काय दिसतंय, आबा?"

"झाडात झाड हाय." ते सावकाश उठले आणि त्यांनी चक्क आंब्याच्या दिशेने हात जोडले. "ह्यो राखणदार. आमच्या झाडाचा राखणदार ह्यो."

"बरोबर!" मी म्हणालो. "आता त्यातला थोडा अमीनाबीला—"

"खुळा काय तू? राखणदार कोण दुसऱ्याला देता? आता तर मुळीच देणार नाय!"

घ्या! आठ मैलांवरून सरकारी पेटी आणून मी होतं तेही घालवलं. मी कपाळाला हात लावून बसलो. अमीनाबीने मला बाजूला सारलं.

"आबा, तुमच्या म्हातारीकडे मी कितीदा विरजण मागायला आले?"

"आलीस असशील. त्याचा काय?"

"कधी नाय म्हणाली?"

"विरजणाला कोण नाय म्हणता गो?"

"मला दिलंत म्हणून तुमचा दही कमी झाला?"

आबांची मान नाही म्हणून हलली. ती म्हणाली, "मग ह्या विरजणच मागत्ये. बोटभर. राखणदार तुमचा तुमच्याकडेच ऱ्हाणार."

आबांनी डोकं खाजवलं. आंब्याकडे बघितलं, दुर्बिणीकडे बघितलं, मग आभाळाकडे. दुपार कलली होती. "विरजण असंल तर मग दिवेलागणीच्या आत नेयाचा," ते म्हणाले. "दिवे लागल्यावर आमच्यात देत नाय. आणि ती टोपली कशाला आणलीस? विरजण काय टोपलीत नेतात? भांडा आण."

मग आमची जी पळापळ झाली! आबांच्या घरातली दोन पातेली, अमीनाबीची कळशी, शेजारचा एक हंडा. आबा स्वतः खुरपं घेऊन बसले आणि कुठली मुळी घ्यायची, कुठली नाही, ह्यावर माझ्याशी भांडले. मी सरकारी कोट काढून ठेवला आणि डोक्यावर हंडा घेऊन सड्यावरून चार खेपा केल्या. कातळावर अनवाणी चाललात तर कळेल. अमीनाबी खड्ड्याखड्ड्यापाशी बसून मुठीमुठीने माती मुळाशी सारत होती आणि प्रत्येक कलमाला काही पुटपुटत होती. चाळिसाव्या कलमापाशी पोचलो तेव्हा वाडीत दिवा लागत होता. घरी आलो, तर सासूने मला शहाळं दिलं आणि विचारलं, "रत्नागिरीहून आलास? बोट आली काय रे?"

ह्यानंतर सगळं गोड झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पण ही बुरशी आमच्या कामगिरीला भुलून धावत येणारी नव्हती. थंडी गेली, कलमं तशीच. मी दर रविवारी खाडी ओलांडून जायचो आणि मान खाली घालून परत यायचो. साहेब म्हणायचे, धागा धाग्याच्या गतीने जातो. होळी जवळ आली. चार-सहा कलमांचे डोळे जरा फुगल्यासारखे वाटत होते, तेही मला. दुसऱ्याला दाखवावं असं काही नव्हतं.

होळीच्या आठवड्यात मी साहेबांबरोबर खेडला दौऱ्यावर गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं. भित्रेपणा होता तो, दुसरं काय! परत आलो तेव्हा कळलं की इब्राहिम आला, पिवळी कलमं बघून सड्यावर बसून राहिला, आणि महिन्याच्या आत पुन्हा बोटीवर सही करून गेला.

आणि त्याच पावसाळ्यात कलमांनी उसळी घेतली. तांबूस, लुसलुशीत पालवी, एकावर एक. मी तीन कलमांची मुळं कापून पाहिली, धागे खोल्याखोल्यांत पोचले होते. मी आणि अमीनाबी त्या सड्यावर पावसात उभं राहून वेड्यासारखे हसलो. छत्री तिच्याकडे नव्हती आणि माझी उलटी झाली होती.

श्रावणात सासू वारली. दोन दिवसांचा ताप. शेवटपर्यंत बोट आली काय एवढंच विचारत होती, असं अमीनाबीने मला सांगितलं. इब्राहिमला पत्र मिळालं ते कुठल्याशा परक्या बंदरात, दोन महिन्यांनी.

पुढल्या होळीला तो आला. चाळिसांतली छत्तीस कलमं गुडघ्याच्या वर होती. तो राहिला. पुन्हा कधी बोटीवर गेला नाही.

त्याने मला घरी बोलावलं. उंच माणूस, छाती पिचलेली, पण हसणं मोठं. मला बघून उठून उभाच राहिला. "हेच काय ते सखारामभाव! आमच्या हिने राब भाजून कलमांचा पार कोळसा केला होता. तुमी होता म्हणून वाचली."

मला काही समजेना. मी तोंड उघडलं. आतून अमीनाबीचा आवाज आला, "चहा निवतोय, भाव." त्या आवाजात असं काही होतं की मी तोंड मिटलं आणि चहा प्यालो.

ती मला खाडीवरच्या तरीपर्यंत पोचवायला आली. मी विचारलं, "असं का सांगितलंत? चूक माझी होती."

"आईचा तोंड बघायला मिळाला नाय त्याला," ती म्हणाली. "कुणावर तरी राग काढायचाच होता त्याला. घरचा माणूस घरच्यावर रागावला तर संध्याकाळी त्याच्याच शेजारी जेवायला बसता. बाहेरच्यावर रागावला तर जन्मभर धरून बसता. तुमी डोक्यावर हंडे वाहिलेत माज्यासाठी. जाव दे."

आणि मी जाऊ दिलं. सोपं होतं ना ते!

त्यानंतर कितीतरी वर्षं माझं त्या घरी जाणंयेणं राहिलं. इब्राहिमभाई आमचे दोस्त झाले. ते बायकोला लाडाने 'राबवाली' म्हणायचे. "ए राबवाली, भावांना पान दे." हळूहळू वाडीत तेच नाव पडलं. पोरं म्हणायला लागली, पुढे सुनाही म्हणायला लागल्या. ती हसायची. एकदाच, आम्ही तिघं पडवीत बसलो असताना, इब्राहिमभाई हसत हसत म्हणाले, "आमची राबवाली नसती, तर आईच्या मयताला असतो मी." म्हणाले आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं. अमीनाबी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, आणि मी त्या दिवशीही बोललो नाही.

इब्राहिमभाई गेले. घरात, आपल्या खाटेवर, मागचं दार उघडं ठेवून गेले, तिथून झाडं दिसतात. मी मयताला होतो. आता सांगून त्यांना ऐकू जायचं नाही.

अमीनाबी आहे. डोळ्यांना दिसत नाही, नातू वाचून दाखवतो. हा अंक मी तिला पाठवणार आहे, आणि मला ठाऊक आहे की ती म्हणेल, "मेल्या, इतक्या वर्षांनी कशाला लिहिलास?" लिहिलं, अमीनाबी. नातवाला सांगा, हे मोठ्याने वाच, शेजारीपाजारी बोलावून वाच. माती शुद्ध करायला मी सांगितलं होतं, न बघता सांगितलं होतं. तुमचा नवरा आणखी एक वर्ष बोटीवर गेला आणि त्याला आईचं तोंड दिसलं नाही, ते माझ्यामुळे. वाडीतल्या पोरांना तुम्हाला राबवाली म्हणायचं बंद करायला सांगा. ते नाव माझं आहे.